‘लाय’ आणि ‘ले’ : एका इंग्रजी धातुयुग्माची कुळकथा

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला क्रियापदांचा जो तक्ता पाठ करावा लागतो, त्यात दोन ओळी बहुधा एकमेकींच्या शेजारी असतात. ‘लाय, ले, लेन’ ही पहिली. तिचा अर्थ पडून असणे, आडवे होणे. ‘ले, लेड, लेड’ ही दुसरी. तिचा अर्थ ठेवणे, अंथरणे, आणि कोंबडीच्या बाबतीत अंडी घालणे. पहिल्या ओळीतील मधले रूप आणि दुसऱ्या ओळीतील पहिले रूप उच्चाराने व लेखनाने एकच आहे. भरीला खोटे बोलणे या अर्थाचा ‘लाय’ हा तिसरा धातू आहेच. या तिघांच्या रूपांत घोटाळा करणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले जातात, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. गमतीची गोष्ट अशी, की ज्यांची इंग्रजी ही मातृभाषा आहे असे असंख्य लोकही बोलताना पहिल्या दोन धातूंची रूपे बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरतात, आणि त्यांच्या शिक्षकांचीही त्याबद्दल हीच तक्रार असते.

व्यवहारोपयोगी व्याकरणांत या घोटाळ्यावर सांगितलेला उपाय ठराविक असतो. दोन्ही धातूंचे अर्थ नीट ध्यानात ठेवा, म्हणजे चूक होणार नाही, असे ती पुस्तके सांगतात. परंतु हे निदानच चुकीचे आहे. स्वतः पडणे आणि दुसरी वस्तू ठेवणे यांतील भेद लहान मुलालाही कळतो. अर्थाची गल्लत येथे कोणीच करीत नाही. गल्लत आहे ती रूपांची, आणि तिचे मूळ बोलणाऱ्याच्या निष्काळजीपणात नसून भाषेच्या इतिहासात आहे. तो इतिहास मराठी वाचकाला तर इंग्रज वाचकापेक्षाही सुगम वाटावा, कारण त्याचा अर्धा भाग मराठीत अजून जिवंत आहे.

मरणे–मारणे, पडणे–पाडणे, जळणे–जाळणे, गळणे–गाळणे, तरणे–तारणे ही युग्मे पाहावीत. प्रत्येक युग्मातील पहिला धातू अकर्मक आहे, दुसरा सकर्मक; दोहोंतील फरक केवळ एका स्वराचा. मराठी माणूस झाड पाडले म्हणावयाचे असता झाड पडले असे कधी म्हणत नाही. संस्कृतात हीच व्यवस्था अधिक उघड्या स्वरूपात दिसते. पतति म्हणजे पडतो, पातयति म्हणजे पाडतो. पाणिनीने हा प्रयोजकाचा प्रत्यय णिच् या नावाने सांगितला आहे. त्याच्या योगाने धातूला ‘अय’ लागतो आणि धातूतील स्वराची वृद्धी किंवा गुण होतो. प्राकृतात ‘अय’चा ‘ए’ झाला, मराठीपर्यंत येता येता तोही विरघळला, आणि भेद दाखविण्याचे सारे ओझे एकट्या स्वरावर येऊन पडले. तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे यांत स्वराबरोबर व्यंजनही बदललेले दिसते. परंतु तेथेही तत्त्व तेच.

इंग्रजीतील ‘लाय’ आणि ‘ले’ यांचे नाते नेमके हेच आहे. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेची भाषा आहे, त्या शाखेचा सर्वांत जुना विस्तृत ग्रंथ म्हणजे वुल्फिला याने इसवी सनाच्या चौथ्या शतकात केलेले बायबलचे गॉथिक भाषांतर. त्या भाषेत पडून असणे याला ‘लिगन’ आणि ठेवणे, म्हणजे पडलेले करणे, याला ‘लग्‌यन’ असे म्हणत. बसणे याला ‘सितन’, बसवणे याला ‘सत्‌यन’. यांतील ‘य’ हा संस्कृतातील ‘अय’चाच सगोत्र आहे, आणि धातूतील ‘इ’चा ‘अ’ होणे ही आपल्या गुण-वृद्धीच्याच कुळातील, ज्याला भाषाशास्त्रात अपश्रुती म्हणतात ती, घटना आहे. गॉथिक ‘सत्‌यन’, इंग्रजी ‘सेट’ आणि संस्कृत सादयति ही तिन्ही रूपे एकाच मूळ रूपाची तीन अपत्ये होत. तात्पर्य, ‘सिट’ आणि ‘सेट’ यांतील भेद पडणे आणि पाडणे यांतील भेदाचा सख्खा भाऊ आहे. तो नुसता तसा दिसतो एवढेच नव्हे, वंशानेही तसा आहे.

गॉथिकमध्ये ‘य’ स्पष्ट ऐकू येत असल्याने प्रयोजक रूप कोणते हे ऐकणाऱ्याला कळत असे. प्राचीन इंग्रजीत या ‘य’ने आधीच्या ‘अ’ला आपल्याकडे ओढून त्याचा ‘ए’ केला, आणि हे काम करून तो स्वतः बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला. म्हणजे जे प्राकृत आणि मराठी यांच्या दरम्यान घडले, तेच तेथेही घडले: प्रत्यय गेला, त्याची खूण स्वरात राहिली. येथपर्यंत दोन्ही भाषांची वाट समांतर आहे.

एका युग्माबद्दल थोडे अवांतर सांगणे येथे अस्थानी होणार नाही. ‘राइझ’ म्हणजे उठणे, वर येणे. त्याचे अस्सल इंग्रजी प्रयोजक रूप ‘रेझ’ नव्हे, तर ‘रिअर’ हे आहे. ‘स’च्या जागी ‘र’ कोठून आला, याचे उत्तर कार्ल व्हेर्नर या डॅनिश पंडिताने १८७० ते १८८० या दशकात दिले, आणि त्यासाठी त्याला वेदांच्या स्वरांकनाकडे जावे लागले. वैदिक भाषेत प्रयोजक रूपाचा उदात्त धातूवर नसून प्रत्ययावर असतो. जर्मानिक भाषांतही एके काळी तसेच होते, आणि उदात्त पुढे सरकल्यामुळे मधल्या ‘स’चा घोष उच्चार होऊन पुढे त्याचा ‘र’ झाला. ‘रेझ’ हे रूप इंग्रजांना मिळाले ते इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांकडून. आज ‘रिअर’ मुले आणि गुरे वाढविण्यापुरता उरला असून बाकीचे सारे काम पाहुण्याने बळकावले आहे. मात्र ‘राइझ’ आणि ‘रेझ’ यांची रूपे कोठेही एकमेकांवर आदळत नाहीत; म्हणून त्यांचा घोटाळाही तुलनेने कमी होतो.

‘लाय’ आणि ‘ले’ यांच्या बाबतीत मात्र रूपांची टक्कर झाली. प्राचीन इंग्रजीत पडून असण्याचा धातू ‘लिज्जन’ आणि ठेवण्याचा ‘लेज्जन’ असा होता. वर्तमानकाळाच्या तृतीय पुरुषी एकवचनात त्यांची रूपे ‘लीथ’ व ‘लेयेथ’ अशी मवाळ होत, आणि पुढे दक्षिणेतील इंग्रजीने या मवाळ रूपांवरूनच सगळा वर्तमानकाळ नव्याने बांधला. (उत्तरेच्या बोलींत ‘लिग’ हे कठोर रूप टिकून राहिले.) पहिल्या धातूचा भूतकाळ ‘लॅय’ असा होता. याचा अर्थ असा, की एका धातूच्या वर्तमानात ‘एय’ हा संयुक्त स्वर आणि दुसऱ्याच्या भूतकाळात ‘ॲय’ हा संयुक्त स्वर, एवढ्या बारीक धाग्यावर दोहोंचे वेगळेपण टांगलेले होते. हे दोन संयुक्त स्वर मध्ययुगीन इंग्रजीत, सुमारे १३०० च्या आगेमागे, एक झाले आणि धागा तुटला. ‘ले’ हा धातू पडून असणे या अर्थाने अकर्मक वापरल्याची उदाहरणेही इंग्रजीच्या ऐतिहासिक कोशांत सुमारे १३०० पासूनच मिळू लागतात. दोन घटनांचा काळ एक म्हणून एक दुसरीचे कारणच, असे म्हणण्याची घाई करू नये. तथापि त्यांचा संबंध नाकारणेही अवघड आहे.

आता असा प्रश्न उपस्थित होतो, की इतर युग्मांचे काय झाले? त्यांच्या कहाण्या वाचल्या म्हणजे एखाद्या मोडलेल्या एकत्र कुटुंबाची हकिकत वाचल्यासारखे वाटते. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे पाडणे. परंतु आज ‘फेल’ फक्त झाडाला किंवा एका घावात लोळविलेल्या प्रतिपक्ष्याला लागतो. ‘ड्रिंक’चे प्रयोजक ‘ड्रेंच’. त्याचा अर्थ मुळात पाजणे, आज चिंब भिजविणे. गुरांना औषध पाजण्याच्या संदर्भात मात्र मूळ अर्थ अजून ऐकू येतो. मरणे याला प्राचीन इंग्रजीत ‘क्वेलन’ आणि मारणे याला ‘क्वेल्लन’ म्हणत. यांतील मरणारा मेला; त्याची जागा ‘डाय’ने घेतली. मारणारा ‘क्वेल’ या रूपाने उरला, पण तो आता माणसे मारीत नाही, बंडे मोडतो.

‘लर्न’ आणि ‘टीच’ यांची कथा याहून उद्बोधक आहे. शिकविणे या अर्थाचा ‘लॅरन’ हा जुना प्रयोजक धातू होता. जर्मन भाषेत तो ‘लेरेन’ या रूपाने आजही आहे. इंग्रजीत तो लोपला. त्याची जागा काही अंशी दाखविणे या अर्थाच्या ‘टीच’ने घेतली, तर काही अंशी शिकणे या अर्थाच्या ‘लर्न’नेच. सुमारे १२०० पासून ‘लर्न’ हा शिकणे आणि शिकविणे अशा दोन्ही अर्थी चालू लागला आणि त्यात कोणाला वावगे दिसले नाही. शेक्सपिअरच्या ‘टेंपेस्ट’ नाटकात कॅलिबन आपल्याला भाषा शिकविणाऱ्यांना शिव्याशाप देतो, तेव्हा एकाच भाषणात पहिल्यांदा ‘टीच’ आणि लगेच त्याच अर्थाने ‘लर्न’ वापरतो. आजच्या वाचकाला हे रानटी पात्राचे अशुद्ध बोलणे वाटते. पण इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकातील स्तोत्रे, जी कव्हरडेलच्या सोळाव्या शतकातील भाषांतरातून घेतलेली आहेत, त्यांतही भक्त देवाजवळ ज्ञान मागताना हेच क्रियापद वापरतो. १६११ च्या बायबलमध्ये त्या ठिकाणी ‘टीच’ आहे. एका पिढीत जे देवाशी बोलण्यास योग्य होते, ते पुढे अडाण्याच्या तोंडी शोभणारे ठरले. शब्द तोच आणि अर्थही तोच.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा मात्र ‘बर्न’ या क्रियापदाचा आहे, आणि त्याची चर्चा व्यवहारोपयोगी पुस्तके करीत नाहीत, कारण त्यात कोणाला अडचणच जाणवत नाही. प्राचीन इंग्रजीत जळणे याला ‘बिर्नन’ आणि जाळणे याला ‘बॅर्नन’ असे दोन स्वतंत्र धातू होते. मराठीतील जळणे–जाळणे यांचेच ते प्रतिरूप. हे दोन्ही धातू मध्ययुगात एकमेकांत पूर्णपणे मिसळले, आणि आज लाकूड ‘बर्न’ होते व माणूसही लाकूड ‘बर्न’ करतो. ‘मेल्ट’चेही असेच झाले, वितळणारा आणि वितळविणारा असे दोन धातू होते, एक उरला. या विलीनीकरणाविरुद्ध एकाही व्याकरणकाराने लेखणी उचललेली नाही. ‘लाय’ आणि ‘ले’ एकत्र होऊ लागले ते याच वाटेने आणि याच कारणाने. एके ठिकाणी त्याला भाषेची वाढ म्हणावयाचे आणि दुसरे ठिकाणी भाषेची विटंबना, याला शास्त्रीय आधार सापडत नाही.

ही वाट मुळात का पडली, हे मराठीशी तुलना केल्याने स्पष्ट होते. दोन्ही भाषांत जुना प्रत्यय झिजला. परंतु मराठीला ऐन वेळी दुसरा प्रत्यय मिळाला. संस्कृतात स्थापयति, दापयति यांसारख्या रूपांत जो ‘आपय’ दिसतो, तो प्राकृतात फैलावला आणि मराठीत ‘अव’ झाला. बसणे–बसवणे, हसणे–हसवणे, शिकणे–शिकवणे ही युग्मे त्याची. मरणे–मारणे यासारखी नवी युग्मे आज कोणी पाडीत नाही. बसणेवरून बासणे होत नाही. तरीही प्रयोजक रूप ही कल्पना मराठीत जागती राहिल्यामुळे जुन्या युग्मांनाही तिचा आधार मिळतो. इंग्रजीला असा नवा प्रत्यय लाभला नाही. तिने एक तर ‘मेक’, ‘लेट’ अशी साह्यकारी क्रियापदे हाताशी धरली, नाही तर एकच धातू दोन्ही प्रकारे राबविला. ‘ब्रेक’, ‘ओपन’, ‘टर्न’, ‘मूव्ह’ अशी शेकडो क्रियापदे आज याच प्रकारची आहेत. ही रचना मराठीला परकी नाही. काठी मोडते आणि माणूस काठी मोडतो. दार उघडते आणि माणूस दार उघडतो. मराठी व्याकरणकार अशा धातूंना उभयविध म्हणतात आणि पुढे जातात. त्यांना अशुद्ध ठरविण्याचे कोणाच्या मनात आले नाही. मराठीत जे काही धातूंपुरते आहे, ते इंग्रजीत मुख्य प्रवाह बनले, एवढाच काय तो फरक. या प्रवाहात ‘लाय’–‘ले’ यांचे जुने युग्म आधाराशिवाय उभे राहिले.

त्याला टेकू दिला तो अठराव्या शतकाने. हे शतक शब्दांच्या सीमा आखण्याचे होते. फ्रान्समध्ये ॲबे जिरार यांनी समानार्थी समजल्या जाणाऱ्या शब्दांतील भेद दाखविणारा ग्रंथ १७१८ मध्ये लिहिला. त्याच्या अनुकरणाने जॉन ट्रस्लर यांनी १७६६ मध्ये इंग्रजी शब्दांचा तसाच ग्रंथ सिद्ध केला. पुढे १७९४ मध्ये हेस्टर पिओझी यांचा आणि १८१६ मध्ये जॉर्ज क्रॅब यांचा ग्रंथ आला. या सर्वांच्या मुळाशी एक श्रद्धा होती: भाषेत दोन शब्द असतील तर त्यांत भेद असलाच पाहिजे, आणि दिसत नसेल तर तो शोधून काढला पाहिजे. ही श्रद्धा पुष्कळदा फलदायी ठरली. परंतु तिच्या पोटी काही भेद शोधले गेले आणि काही निर्माण केले गेले, हेही मान्य केले पाहिजे.

‘लाय’ आणि ‘ले’ यांची गाठ पडली ती रॉबर्ट लाउथ यांच्याशी. हिब्रू काव्याचे व्यासंगी आणि पुढे लंडनचे बिशप झालेले लाउथ यांचे छोटेखानी इंग्रजी व्याकरण १७६२ मध्ये निघाले. त्याच्या तळटीपांत नामांकित लेखकांच्या चुका निवडून दाखविलेल्या आहेत. ‘लाय’ या अकर्मक धातूची ‘ले’ या सकर्मक धातूशी वारंवार गल्लत होते असे सांगून त्यांनी उदाहरण दिले ते अलेक्झांडर पोप यांच्या ‘इलियड’च्या भाषांतरातील. चोविसाव्या सर्गात वृद्ध राजा प्रायम पुत्राचे प्रेत मागण्यासाठी अकिलीझच्या पायांशी लोळण घेतो. तेथे पोपने ‘ले’ लिहिले आहे. लाउथ म्हणतात, येथे वर्तमानकाळ अभिप्रेत आहे, म्हणून ‘लाय’ हवे होते. प्रसंग पाहता त्यांचे म्हणणे बरोबर असावे. परंतु आधीच्या ओळीतील क्रियापद भूतकाळी आहे आणि नंतरच्या ओळीतील वर्तमानकाळी. पोपचा ‘ले’ आधीच्या क्रियापदाला जोडला, तर तो ‘लाय’चाच शुद्ध भूतकाळ ठरतो आणि दोष उरत नाही! ज्या रूपावरून व्याकरणकार कवीला दोषी ठरवितो, ते रूपच दोन्ही बाजूंनी साक्ष देते. या युग्माचे दुखणे इतक्या नेमकेपणाने दाखविणारे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

बायरनच्या बाबतीत अशी सबब नाही. ‘चाइल्ड हॅरल्ड’च्या १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या सर्गात समुद्राला उद्देशून जी प्रख्यात कडवी आहेत, त्यांतील एकाच्या अखेरीस समुद्राने किनाऱ्यावर आपटलेल्या माणसाला तेथेच पडू द्यावे अशा अर्थी त्याने ‘ले’ वापरला आहे. यमकासाठी त्याला तो हवा होता. त्याच कडव्यात दोन ओळी आधी त्याने ‘लाय’ अगदी नियमानुसार वापरलेला असल्यामुळे त्याला भेद ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. यावरून त्याच्यावर पुष्कळ टीका झाली. एक शतक आधी ती झाली नसती. सतराव्या आणि अठराव्या शतकांत हा प्रयोग अशुद्ध मानला जात नसावा, असाच ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाचा अभिप्राय आहे. खलाशांच्या परिभाषेत तर शिडाच्या डोलकाठीवर चढण्याच्या किंवा जहाजाच्या मागील भागाकडे जाण्याच्या आज्ञेत अकर्मक ‘ले’ रूढच आहे. ‘सेट’ हा बसविण्याचा धातू असूनही इंग्रजीत सूर्य ‘सेट’ होतो. तेथे ‘सिट’ करावे असा आग्रह कोणी धरला नाही. कारण ती रूढी व्याकरणकार जागे होण्यापूर्वीच पक्की झाली होती.

यानंतर या नियमाचे स्वरूप बदलले. एकोणिसाव्या शतकात सार्वत्रिक शालेय शिक्षण वाढत गेले, तसा तो विद्येची खूण बनला. तो पाळणारा शिकलेला, न पाळणारा अडाणी. ज्याच्या घरात पिढ्यानपिढ्या अकर्मक ‘ले’ बोलला गेला, त्या मजुराच्या किंवा शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत जाऊन आपल्या आईची भाषा चुकीची आहे हे शिकावे लागले. नियमाची ही किंमत व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलेली नसते.

मराठी विद्यार्थ्याची स्थिती याहून वेगळी आहे. त्याने वर्तमानकाळात ‘लाय’च्या जागी ‘ले’ लिहिण्याचा संभव थोडा. कारण तो पडणे आणि ठेवणे अशा दोन भिन्न शब्दांवरून भाषांतर करीत येतो. त्याची चूक होते ती भूतकाळात आणि त्यातही ‘लेन’ या रूपापाशी, जे स्वतः इंग्रजही बोलताना क्वचितच वापरतात. म्हणून दोघांच्या उत्तरपत्रिकांत एकच चूक दिसली तरी ती एका कारणाने झालेली नसते. इंग्रज मुलाच्या चुकीमागे सात शतकांचा प्रवाह आहे; मराठी मुलाच्या चुकीमागे तक्त्याचा विसर. शिष्ट लेखनाचा संकेत म्हणून हा भेद शिकविला पाहिजे यात शंका नाही, कारण छापील इंग्रजी आजही तो पाळते. मात्र तो तर्काचा नियम म्हणून शिकविणे योग्य नव्हे. पडणे–पाडणे या युग्मापासून आरंभ केला, तर विद्यार्थ्याला ‘सिट–सेट’, ‘फॉल–फेल’, ‘लाय–ले’ ही एकाच साच्याची घडण आहे हे एका तासात दाखविता येते. भूतकाळाची रूपे मग पाठच करावी लागतात. त्याला इतिहासही उपाय सांगत नाही.

‘ले’चा जो प्रतिशब्द मराठीत सर्रास दिला जातो, त्या ठेवणे या क्रियापदाची कुळीही येथे पाहण्यासारखी आहे. ते संस्कृत स्थापयति, प्राकृत ठवेइ यांवरून आलेले आहे. म्हणजे मूळ अर्थाने उभे करणे. त्याचा अकर्मक जोडीदार, उभे राहणे या अर्थाचा स्था धातू, मराठीत स्वतंत्रपणे उरला नाही. उठणे यात तो उपसर्गासह दडून बसला आहे. उठणे आणि ठेवणे हे एकाच घरातले, हे आज कोणत्याही मराठी भाषिकाला सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि पुस्तक टेबलावर आडवे ठेवताना आपण त्याला उभे करीत आहो असे कोणाला वाटत नाही.